सुट्टीची दारू आणि आपला किनारा

(सिंधुदुर्ग जिल्ह्यातील किनाऱ्यावरील एका गावी ग्रामसभेपुढे तेथील शाळामास्तरांनी केलेले भाषण)



मी काही मोठा वक्ता नव्हे. वीस वर्षे तुमच्या पोरांना बाराखडी व पाढे शिकवीत आलो, तेवढीच माझी विद्या. आज पोरांच्या आईबापांशी बोलावयाचे आहे, आणि त्यात पहिली कबुली माझीच आहे.

गेल्या ३१ डिसेंबरच्या रात्री मी किनाऱ्याने घरी येत होतो. वाळूत दहाबारा जणांचे टोळके बाटल्या मांडून बसले होते. रिकामी झालेली बाटली खडकावर फोडावयाची, असा त्यांचा खेळ चालला होता. मी पाहिले आणि मान खाली घालून पुढे गेलो. कारण ते पाहुणे माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी उतरले होते. त्याचे चार पैसे बुडू नयेत असे मला वाटले. दुसऱ्या दिवशी पहाटे रापण ओढताना एका म्हाताऱ्या रापणकराच्या टाचेत काच शिरली. टाके पडले, पंधरा दिवस तो घरी बसला. मी भेटावयास गेलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, "मास्तर, दर्यान दिलेलो वाटो सगळ्यांचो, मगे ही काच कोणाच्या वाट्याची?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. ते शोधण्यासाठीच आज उभा आहे.

वरच्या वाडीच्या शेतकरी बंधूंना वाटेल की हे किनाऱ्याच्या लोकांचे दुखणे. तसे नव्हे. होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकतात, मग दोन्ही दोर धरून पाचपन्नास माणसे ते अनवाणी ओढतात. जो दोराला हात लावतो त्याला वाटा मिळतो. म्हणजे आपल्या शेताचा बांध जसा, तशी त्यांची वाळू. बाहेरच्यांना ती करमणुकीची जागा दिसते. आपल्याला ती कामाची जागा आहे. आणि रस्त्यालगतच्या भातखाचरांत फेकलेली बाटली चिखलणीच्या वेळी कोणाच्या पायात जाते, हेही तुम्ही जाणताच. शिवाय पिऊन पाण्यात उतरणाऱ्याचा तोल जातो, लाटेचा अंदाज चुकतो. त्याला वाचवावयास उडी कोण घेतो? आपलाच पोरगा.

दारूचा नफा दुकानदाराला, कर सरकारला आणि काच रापणकराला, अशी ही वाटणी आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पर्यंत पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात दारूची दुकाने वाढत चालली, तेव्हा १८८० साली त्यांनी नगरपालिकेच्या कारभाऱ्यांस पत्र लिहून हरकत घेतली. एका हाताने लोकांच्या आरोग्यावर पैसा खर्चावयाचा आणि दुसऱ्या हाताने आरोग्य बुडविणारी दुकाने वाढू द्यावयाची, ही विसंगती त्यांनी दाखविली. आपला जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पाहुणा यावा, त्याने चार पैसे द्यावेत, हे आपल्यालाही हवे आहे. पण तोच प्रश्न आज आपल्या दारी आहे.

कोणी म्हणेल, "मास्तर, बंदी घातली तर पाहुणे येणार नाहीत." आपला शेजारी गोवा पाहा. आपल्यापेक्षा कितीतरी अधिक घरे तेथे पाहुण्यांवर चालतात. तरीही २०१९ साली त्या राज्याने किनाऱ्यासारख्या पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिणाऱ्यास दोन हजार रुपये आणि टोळक्यास दहा हजार रुपये दंड ठरविला. २०२५ साली तो आणखी वाढविला. परवान्याच्या जागी बसून पिण्यास त्यांनी मनाई केली नाही. सगळ्यांच्या वाळूवर मात्र मनाई केली. मुलेबाळे घेऊन येणारा पाहुणा स्वच्छ वाळूवर चार दिवस अधिक राहतो. बाटलीवाला एक रात्र राहतो आणि काच ठेवून जातो.

दुसरा म्हणेल, "कायदा आहे, पोलीस पाहतील." कायदा आहे, हे खरे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने सार्वजनिक जागी पिऊन दांडगाई करणे हा गुन्हा आहे. सार्वजनिक शांततेसाठी दुकाने बंद ठेवविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आहे. पण सुट्टीच्या गर्दीत दोनतीन शिपाई कोठे कोठे पुरणार? गावाने डोळे मिटले तर कायदा कागदावरच राहतो. मी डोळे मिटले होते, म्हणून हे सांगतो.

तेव्हा माझी सूचना अशी. दिवाळीची सुट्टी, २५ डिसेंबर ते १ जानेवारी आणि होळीचे दिवस, या काळात वाळूवर बाटली न्यावयाची नाही, असा ठराव आज करावा. त्याची प्रत सुट्टीच्या आधी तहसीलदार व पोलीस ठाण्यास द्यावी आणि बंदोबस्त मागावा. पाटी वाळूवर नको, गाड्या लागतात तेथे लावावी. तेथेच बचत गटाच्या बायांनी व रापणकरांनी पाळीपाळीने उभे राहून पाहुण्यास हात जोडून सांगावे. ज्यांच्या घरी पाहुणे उतरतात त्यांनी खोली देतानाच नियम सांगावा. कोणावर हात उगारू नये, कोणाकडून पैसा घेऊ नये. दंड करणे हे अधिकाऱ्याचे काम आहे; आपण दंड घेऊ लागलो तर उद्या तोच आपला धंदा होईल.

आणि शेवटची गोष्ट, जी कदाचित आवडणार नाही. नियम आधी आपल्यावर. शिमग्याच्या रात्री त्याच वाळूवर आपलीच माणसे बसतात. पाहुण्याची बाटली अडवून आपल्या भावाची झाकली, तर पाहुणा हसेल, आणि हसावेच. बंदी सर्वांना सारखी नसेल तर ती बंदी नव्हे, दादागिरी.

त्या म्हाताऱ्याची टाच आता बरी आहे. तो पुन्हा दोराला लागला आहे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून बाकी आहे. ते आज तुम्ही हात वर करून द्यावे, एवढे मागून मी खाली बसतो.