शाळेत झालेल्या छळाची भरपाई

(लिंबागणेश येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



परमपूज्य बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणीही मिळत नसे. त्यांनी हे लिहून ठेवले म्हणून जगाला कळले. आपल्यापैकी कित्येकांनी शाळेत, वसतिगृहात मार, जातीवरून शिव्या, त्याहून वाईटही सोसले आणि घरी सांगितले नाही. त्याची भरपाई आज मागता येते काय?

पैशाने बालपण परत येत नाही, हे खरे. पण भरपाई म्हणजे चूक लेकराची नव्हती याची कबुली होय. कॅनडात मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवले गेले. मोठेपणी त्यांनी दावे लावले. २००६ च्या समझोत्यानुसार त्या शाळेतील पहिल्या वर्षाबद्दल १०,००० डॉलर व पुढील प्रत्येक वर्षाबद्दल ३,००० डॉलर ठरले. अत्याचाराची भरपाई वेगळी. २००८ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. आयर्लंडनेही २००२ मध्ये भरपाईचा कायदा केला.

आपल्याकडे जुन्या छळासाठी अशी योजना नाही. बालपणीच्या छळाबद्दल दिवाणी दावा साधारणतः वयाच्या २१ व्या वर्षापर्यंतच लावता येतो. मात्र तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्याच्या फिर्यादीला मुदत नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासूनच्या लैंगिक अत्याचारांना पोक्सो कायदा लागू आहे. पीडित सज्ञान झाल्यावरही तक्रार देता येते व विशेष न्यायालय भरपाईचा आदेश देऊ शकते. अ‍ॅट्रॉसिटीच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे शासकीय अर्थसहाय्य मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून अनुसूचित जातींना, स्त्रियांना व मुलांना मोफत वकील मिळतो.

म्हणून आमची विनंती अशी. ज्यांनी सोसले त्यांनी साल, इयत्ता, साक्षीदार लिहून काढावेत; शाळेचा दाखला, दवाखान्याचे कागद जपावेत. समाजाने नाव न फोडता पाठीशी उभे राहावे. आणि मुदतीची अट नसलेली भरपाई योजना करावी, अशी मागणी आपण सर्वांनी मिळून शासनाकडे करावी.

विद्यार्थी मित्रांनो, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतील मारहाण व मानसिक छळ यांना बंदी आहे. आम्ही गप्प बसलो, तुम्ही बसू नका. आजच घरी सांगा. आणि पालकहो, लेकरू सांगेल तेव्हा त्याला दटावू नका, आधी ऐकून घ्या.

जयभीम! जय भारत!