प्रवाळांचा रोजमेळ

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या सर्वसाधारण सभेत आपल्या तरुण मंडळींनी एक सूचना मांडली होती. रौप्यमहोत्सवाची आठवण म्हणून तळमजल्याच्या लॉबीत खाऱ्या पाण्याचा मोठा फिश टँक बसवावा आणि त्यात जिवंत प्रवाळ ठेवावेत. टाळ्या झाल्या. मग कोणाला तरी आठवलं, की माझ्या मुलीकडे न्यू जर्सीत असा टँक आहे आणि मी तिथे गेलो, की त्याची देखभाल माझ्याकडे असते. म्हणून आज मला इथे उभं केलंय. छत्तीस वर्षं बँकेत गेली, तेव्हा मी हिशेबाच्याच भाषेत बोलणार. तेवढं सांभाळून घ्या.

आधी प्रवाळ म्हणजे काय ते बघू. अनेकांना ते दगड वाटतात, काहींना झाड वाटतं. प्रत्यक्षात तो प्राणी आहे. टाचणीच्या डोक्याएवढे इवलेसे जीव हजारोंनी एकत्र राहतात आणि प्रत्येक जण आपल्याखाली चुनखडीचं घर बांधतो. एक प्रकारची सहकारी गृहनिर्माण संस्थाच म्हणा ना! आपल्या अंगठीतलं लाल पोवळं वेगळ्या कुळातलं. मी बोलतोय ते खडक बांधणाऱ्या कठीण प्रवाळांबद्दल. त्यातही 'अ‍ॅक्रोपोरा' नावाचे, हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांचे प्रवाळ सगळ्यात नाजूक.

या जिवांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. शेवाळ उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. म्हणजे भाडेकरूच्या भाड्यावर मालकाचं घर चालतं. पाणी जास्त तापलं, की हा करार मोडतो. प्रवाळ शेवाळाला बाहेर काढतो, रंग जातो आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. थोड्या दिवसांत परिस्थिती सुधारली तर तो सावरतो, नाहीतर उपाशी मरतो.

आता टँकचा रोजमेळ. मुलीच्या स्वयंपाकघरात टँकशेजारी एक वही लटकवलेली असते. तिच्यात रकाने असे: तापमान २५ ते २६ अंश. क्षारता हजारी ३५, म्हणजे एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम मीठ. कॅल्शियम ४२० पीपीएमच्या आसपास, मॅग्नेशियम १३००च्या आसपास. आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना अल्कलिनिटीचा. ती 'डीकेएच' या मापात मोजतात आणि ८ ते ९ ठेवतात. साध्या शब्दांत सांगायचं, तर घर बांधायला प्रवाळाला कॅल्शियम आणि कार्बोनेट असे दोन माल लागतात. अल्कलिनिटी म्हणजे त्या दुसऱ्या मालाची शिल्लक.

पाण्याची वाफ रोज होते. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर गोड्या, शुद्ध पाण्याचीच घालायची, खाऱ्या पाण्याची नाही. तेही नळाचं चालत नाही. नळाच्या पाण्यात पाइपातलं तांबं आलं, तर आपल्याला काही होत नाही, पण प्रवाळाला ते विष आहे.

एकदा मुलगी, जावई आणि नातवंडं दहा दिवस बाहेरगावी गेली आणि टँक माझ्यावर सोपवला. जाताना नातू म्हणाला, "आजोबा, मोठा निळा तुमच्या भरवशावर हं!" मोठा निळा म्हणजे चार वर्षांपूर्वी अंगठ्याएवढा आणलेला अ‍ॅक्रोपोरा, तो आता दोन तळहातांएवढा झाला होता. तिसऱ्या दिवशी वहीत बघितलं, तर अल्कलिनिटी ८.४वरून ७.६वर आलेली. मासे मजेत, प्रवाळ उमललेले, पाणी काचेसारखं. कॅल्शियम मोजलं तर फरक दिसेना. याचं कारण सोपं आहे. अल्कलिनिटी २.८ने उतरते तेव्हा कॅल्शियम जेमतेम २० पीपीएमने उतरतं. म्हणजे माझ्या ०.८च्या घटीला कॅल्शियममध्ये सहाएक पीपीएमचाच फरक; ४२०मध्ये तो घरगुती टेस्ट किटला कळत नाही. खात्यातली गडबड आधी छोट्या शिलकीत दिसते, हे बँकवाल्याला सांगायला नको.

गडबड अशी, की काही बिघडलेलंच नव्हतं. प्रवाळ वाढले होते, म्हणून माल जास्त उचलत होते आणि रोजची भर जुन्याच मापाची होती. अशा वेळी हात शिवशिवतो, एकदम भर घालून आकडा जागेवर आणावा असं वाटतं. ते अजिबात करायचं नाही. एका दिवसात एक डीकेएचपेक्षा जास्त उडी म्हणजे नाजूक प्रवाळाला धक्का. फांद्यांच्या टोकांची कातडी जळाल्यासारखी होते आणि कधी कधी एका रात्रीत सगळं मांस सुटून नुसता सांगाडा उरतो. मी दोन दिवसांत, रोज ०.४ एवढंच वर आणलं आणि नेहमीची भर थोडी वाढवली. दहाव्या दिवशी वही नातवाच्या हातात दिली. त्याने माझ्याकडे न बघता आधी मोठ्या निळ्याकडे बघितलं, हे ओघानं आलंच!

आता भर कशाची घालतात ते ऐकून इथल्या पानवाल्या मंडळींना बरं वाटेल. एक जुनी आणि आजही चालणारी पद्धत म्हणजे चुन्याची निवळी. होय, तीच! शुद्ध पाण्यात खायच्या चुन्यासारखा शुद्ध चुना घालायचा, खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी थेंब थेंब सोडायचं. त्यातून दोन्ही माल बरोबर प्रमाणात मिळतात. १९७०च्या दशकात पीटर विल्केन्स या अभ्यासकाने ती युरोपात रुळवली. निवळी अतिशय दाहक असते, म्हणून ती सावकाश आणि शक्यतो रात्री सोडतात, कारण रात्री पाण्याचा पीएच उतरलेला असतो. त्याआधी, १९६१मध्ये, जकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत खडक, समुद्राचं पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टँक चालवून त्याबद्दल लिहिलं होतं. पण त्यांच्या दारात समुद्र होता, हे विसरू नका.

एक गैरसमजही दूर करतो. पाणी जितकं स्वच्छ तितकं चांगलं, असं नाही. नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर आणले तर प्रवाळ फिके पडतात, उपाशी राहतात. जास्त झाले तर शेवाळ माजतं. थोडे हवेतच. नवीन प्रवाळ आणला, तर तो थेट टँकमध्ये टाकायचा नाही. औषधी पाण्यात बुडवून किडे झाडायचे. त्यावर चपटे किडे असतात. औषधाने किडे मरतात, त्यांची अंडी मरत नाहीत. म्हणून बुडखा तोडून टाकतात आणि वरची फांदी नव्या आधारावर चिकटवतात.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या लॉबीत हे जमेल का?

पहिलं, तापमान. न्यू जर्सीत हिवाळ्यात पाणी तापवावं लागतं. इथे बारा महिने थंड करावं लागेल. दिवे आणि पंप यांचीच उष्णता पुरेशी असते, त्यात आपली लॉबी बंद आणि बिगर-एसी. दुसरं, वीज. पंप थांबले, की पाण्यातला प्राणवायू काही तासांत कमी होतो. जनरेटर लिफ्टसाठी आहे; तो आधी कोणाला द्यायचा यावर सभा घ्यावी लागेल. तिसरं, वही. रोज न चुकता मोजणारा एक माणूस लागतो. आपल्या गच्चीवरच्या तुळशीला पाणी कोण घालतं, यावरून गेल्या वर्षी किती पत्रं फिरली ते सगळ्यांना माहीत आहे.

आणि चौथं, ज्यापुढे वरचे तिन्ही मुद्दे गौण आहेत. आपल्या देशात हे कायद्याने चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत, २००१ साली सगळे कठीण प्रवाळ घातले गेले. ते काढणं, विकणं, बाळगणं गुन्हा आहे. कोणी दुकानदार "साहेब, सगळं मिळतं" म्हणाला, तरी संस्थेच्या नावावर तसली पावती नको. फिरायला गेल्यावर किनाऱ्यावरचा तुकडासुद्धा आठवण म्हणून उचलू नका.

यावर मुलं हिरमुसतील, म्हणून दोन सूचना करतो. लॉबीत गोड्या पाण्याचा, जिवंत पाणवनस्पतींचा टँक करावा. आपल्या हवेला तो सोसतो आणि वही तिथेही लागेल, पण चुका पोटात घालणारी. आणि प्रवाळ बघायचेच असतील, तर ते आपल्या शहरात आहेत. २०२०मध्ये सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या प्रवाळ वसाहती गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दुसरीकडे हलवल्या. ते दिसायला मोठ्या निळ्यासारखे नाहीत, लहान आहेत, पण आपले आहेत. हिवाळ्यातल्या मोठ्या ओहोटीला एखाद्या जाणकाराबरोबर खडकाळ किनाऱ्यावर मुलांना नेऊ. काही उचलायचं नाही, काही उलटवायचं नाही, फक्त बघायचं. पुढे कधी मालवणची सहल काढू. तिथलं सागरी अभयारण्य १९८७चं आहे.

सहलीच्या नोंदणीची वही मी सांभाळायला तयार आहे. मोठा निळा तिकडे ठीक आहे, परवाच व्हिडिओ कॉलवर बघितला. निर्णय सर्वसाधारण सभेने घ्यावा, तो मला मान्य असेल. संस्थेच्या पुढच्या पंचवीस वर्षांना मनःपूर्वक शुभेच्छा.