भरपगारी रजा : कायद्याची आणि कराराची



गुढीपाडव्याला सालगडी ठरतो तेव्हा काय बोलणी होतात, ती आपण जाणता. रोख किती, धान्य किती, कपड्यांचे जोड किती. शहाणा गडी त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट बोलून घेतो : जत्रेला किती दिवस मोकळं सोडणार? घरच्या लग्नाला किती? पाडवा सरला की मग सारं मालकाच्या मर्जीवर. पण ह्याच गड्याचा मुलगा आय. टी. आय. होऊन कारखान्यात लागतो, तेव्हा पगाराचा आकडा तेवढा विचारतो. रजेचा विचारत नाही. "कायद्यानं मिळेल ती मिळेल," असं म्हणून मोकळा होतो. तेव्हा कायद्यानं किती मिळते आणि त्याहून जास्त कशी मिळते, हे आज पाहू.

आधी कायदा. १९४८ च्या कारखाना अधिनियमानं असं ठरवलं की, कामगारानं वर्षात २४० दिवस काम भरलं, तर दर २० दिवसांमागे १ दिवस भरपगारी रजा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार संहिता लागू झाली. तिच्यात प्रमाण तेच राहिलं. मात्र २४० दिवसांची अट १८० दिवसांवर आली. सहा महिन्यांनी ज्याचं काम सुटतं, त्याला हा फरक लहान नाही. आता हिशेब करा. वर्षात ३०० दिवस काम भरलं, भागिले २०, म्हणजे रजा १५ दिवस.

हे झालं घराचं जोतं. जोत्याखाली कुणाला जाता येत नाही. पण नुसत्या जोत्यावर कुणी राहतही नाही. भिंती वर चढवाव्या लागतात. महाराष्ट्र सरकारच्या कायम नोकराला १९८१ च्या रजा नियमांप्रमाणे वर्षाला ३० दिवस अर्जित रजा जमा होते, म्हणजे आपल्या कामगाराच्या दुप्पट. खाजगी कारखान्यांतही जिथे कामगारांची संघटना जागी आहे, तिथे करारानं रजा वाढवून घेतात. कुठे नोकरीच्या वर्षांप्रमाणे ती चढत जाते. मालक ती धर्म म्हणून देत नाही. शिकवून तयार केलेला माणूस शेजारच्या कारखान्यात गेला, तर दुसरा तयार करायला पैसा आणि वेळ लागतो, हा व्यवहार त्याला कळतो.

जास्तीचं आधी करारानं मिळतं आणि मग कायदा मागून येतो, ह्याला आपल्याच मुंबईचा दाखला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना संघटित केलं. आठवड्याची सुटी ही त्यांची एक मुख्य मागणी. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. सर्व कामगारांना आठवड्याची सुटी देणारा कायदा आला तो त्यानंतर, १८९१ साली. भरपगारी वार्षिक रजा कायद्यात यायला तर १९४५ उजाडलं, आणि तेव्हा ती होती १० दिवसांची.

परदेशांतही असंच दिसतं. चाकणच्या बाजूला जर्मन कंपन्यांचे कारखाने आहेत, म्हणून जर्मनीचं उदाहरण घेऊ. तिथला रजेचा कायदा १९६३ चा. आज त्याप्रमाणे वर्षाला निदान ४ आठवडे रजा द्यावी लागते. पण धातुउद्योगातल्या संघटनेच्या करारात आहेत ६ आठवडे. वरचे २ आठवडे कायद्यानं दिलेले नाहीत. ते बोलणी करून मिळवलेले आहेत. उलट अमेरिकेत खाजगी नोकरांना भरपगारी वार्षिक रजा देणारा देशव्यापी कायदाच नाही. तिथे चांगल्या नोकरीत रजा मिळते. हातावर पोट असणाऱ्याला पुष्कळदा एकही दिवस मिळत नाही. जोतं नसलं की असं होतं.

पण आकडा मोठा दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. "आमच्याकडे वर्षाला ३० सुट्ट्या," असं कुणी सांगितलं तर विचारावं : ह्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर धरलेत का? सणवार धरलेत का? आजारपणाची रजा ह्यातलीच का? कायद्याच्या रजेत मधे येणारा साप्ताहिक सुटीचा दिवस मोजायचा नसतो. तो मोजतात का? उरलेली रजा पुढच्या वर्षी नेता येते का, की बुडते? नव्या संहितेत ३० दिवसांपर्यंत रजा पुढे नेता येते. आणि शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : पेरणीच्या वेळी किंवा गणपतीत मागितली, तर मिळते का? गरजेच्या वेळी मिळत नाही, ती रजा कागदावरची.

हे बोलताना एका वर्गाला विसरून चालणार नाही. ऊसतोडीला जाणारं जोडपं, म्हणजे मुकादमाच्या भाषेत एक कोयता. त्यांना रजा हा शब्दच ठाऊक नाही. त्यांचा शब्द खाडा. बाई आजारी पडली, फडावर गेली नाही, तर मजुरी बुडतेच आणि वर खाड्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. इतर लोक १५ चे २० कसे होतील ते पाहतात. हिला आजारपणाचा एक दिवस विकत घ्यावा लागतो. अशा ठिकाणी जास्तीच्या रजेची गोष्ट नंतरची. आधी जोतं घालायला हवं.

गुरुजींना एक विनंती. दहावीच्या वर्गात व्याजाची उदाहरणं आपण घालता, तसं एखादं रजेचंही घाला. एकाचे कामाचे दिवस २६०, दुसऱ्याचे १७०. कायद्यानं कुणाला किती रजा? पहिल्याला १३, दुसऱ्याला काही नाही. १० दिवस कमी पडले. का कमी पडले, हे मुलं विचारतीलच. ती पुढे नोकरीला जातील, तेव्हा सही करण्याआधी नेमणुकीच्या कागदावर पगाराच्या खालची ओळही वाचतील.