‘मंजुघोषा’ आणि आपण



हलकीफुलकी, अद्भुतरम्य प्रेमकादंबरी हा काय व्याख्यानाचा विषय झाला, अशी शंका आपल्यापैकी काहींना आली असेल. राजघराणी, प्रेम, ताटातूट, चमत्कार आणि शेवटी मीलन! असले पुस्तक उन्हाळ्याच्या दुपारी लवंडून वाचावे नि विसरून जावे, असाच आपला समज असतो. नारो सदाशिव रिसबूड यांची १८६८ सालची ‘मंजुघोषा’ याच जातीची. तिच्यात ओळखीचे गाव नाही की ओळखीचे घर नाही.

परंतु रिसबुडांनी प्रस्तावनेत या अद्भुताचे कारण देऊन ठेवले आहे. त्याचा आशय असा की, आम्हा हिंदूंच्या विवाहाच्या चालीच अशा आहेत की, रोजच्या आयुष्यात कादंबरीला पुरेल असे मनोरंजक काही घडत नाही; सबब अद्भुताकडे वळणे भाग आहे.

हे कारण मला सबंध कादंबरीपेक्षा मोठे वाटते. १८६० च्या दंडसंहितेने मुलीच्या संमतीचे वय धरले होते अवघे १० वर्षे. १८९१ साली ते १२ झाले, तेही केवढ्या गदारोळानंतर! जेथे मुलीचे लग्न भातुकलीच्या वयात उरकले जाई, तेथे तिने कोणाला होकार द्यावा, कोणाला नकार द्यावा, हा प्रसंग यावा कसा? नायिकेला स्वतःचे मन द्यायचे, तर लेखकाला तिला या जगातून उचलूनच न्यावे लागले.

पण रिसबुडांच्या ‘आम्हा’त कोण कोण होते, हे चंद्रपुरात तरी विचारलेच पाहिजे. गडचिरोली १९८२ साली वेगळा जिल्हा झाला. तोवर आपण एकाच जिल्ह्याचे. भामरागड-एटापल्लीच्या रानातील माडिया गोंडांच्या रीतीत लग्न जाणत्या वयात होते, मुलामुलीच्या पसंतीला वाव असतो, आणि वधूमूल्य वराकडून दिले जाते. रानातले सारेच गोड, असे मी म्हणणार नाही. दारिद्र्य आणि दुःख तेथेही आहे. मात्र लेखकाला जे स्वप्नात शोधावे लागले, त्याचा थोडा अंश आपल्याच मुलुखाच्या टोकाला होता आणि मराठी कादंबरीला त्याची वार्ता नव्हती.

पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ पत्रातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ लिहिली. रिसबुडांना ज्या घरात काही घडताना दिसले नाही, त्याच घरातून ती निघाली. यमूचे काय हिरावले गेले, ते हरिभाऊ सांगतात. तिला काय हवे असेल, याचा अंदाज मात्र ‘मंजुघोषे’वरून येतो.

आज कायद्याने लग्नाचे वय मुलीला १८ आणि मुलाला २१ आहे. तरीही घरातली मुलगी असली कादंबरी उशीखाली लपवून वाचत असेल, तर ती हिसकावून घेण्यापूर्वी तिला एवढेच विचारा : “बाळ, यातले काय तुला आपल्या घरात मिळत नाही?” आणि उत्तर ऐकून घेण्याची तयारी ठेवा.