स्मृती हरपते तेव्हा
(व्याख्यानाचे शब्दांकन)



'स्मृतिभ्रंश' हा शब्द मराठी घरांना भगवद्गीतेमुळे परिचित आहे. दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनापासून सुरू होणाऱ्या अधःपतनाच्या साखळीत, क्रोधानंतर, तो येतो. वैद्यकशास्त्र ज्याला डिमेन्शिया म्हणते, त्यासाठीही मराठीत हाच शब्द रूढ झाला. मात्र या दोहोंत मूलभूत अंतर आहे. आजार म्हणून येणारा स्मृतिभ्रंश हे कोणाच्या क्रोधाचे वा दुर्वर्तनाचे फळ नव्हे; तो मेंदूच्या पेशींचा ऱ्हास आहे. एवढी एक गोष्ट मनात पक्की झाली, तरी अनेक घरांतील कलह शमेल.

शोधाचा आरंभ

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला स्वतःचे नावही धडपणे लिहिता येत नव्हते. डॉ. आलॉइस अल्झायमर यांनी तिच्या वर्तनाच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. १९०६ मध्ये तिचे निधन झाल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आत पडलेल्या तंतूंच्या गाठी, असे दोन बदल त्यांना आढळले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेन येथे त्यांनी हे निरीक्षण मांडले, आणि १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

पुटे अमायलॉइड या प्रथिनाची आणि गाठी टाउ या प्रथिनाच्या, हे कळायला पुढे जवळजवळ आठ दशके लागली. अमायलॉइड साचण्याची क्रिया लक्षणे दिसण्याच्या सुमारे १५ ते २० वर्षे आधीच सुरू झालेली असते, हेही आता स्पष्ट झाले आहे. म्हणजे सत्तरीत प्रकटणाऱ्या रोगाचे बीज पन्नाशीतच पडलेले असते. अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सर्वांत मोठा प्रकार. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारा आणि लेवी पिंडांमुळे होणारा हे अन्य प्रकार होत.

औषधे कोठवर आली?

२०२३ मध्ये लेकॅनेमॅब आणि २०२४ मध्ये डोनॅनेमॅब या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. ही प्रतिपिंडे मेंदूतील अमायलॉइड दूर करतात. लेकॅनेमॅबच्या चाचणीत १८ महिन्यांत रोगाची घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. पण ही औषधे केवळ आरंभीच्या अवस्थेत लागू पडतात, गेलेली स्मृती परत आणत नाहीत, आणि काही रुग्णांत त्यांच्यामुळे मेंदूला सूज येते वा सूक्ष्म रक्तस्राव होतो. म्हणून 'अल्झायमरवर रामबाण' अशी जाहिरात दिसली, तर तिच्यापासून चार हात दूर राहावे.

भारतातील संशोधन

दिल्लीच्या एम्ससह अनेक संस्थांनी मिळून केलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार साठीच्या पुढील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांत, निरक्षरांत आणि ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले. 'हे शहरी, श्रीमंतांचे दुखणे' हा समज त्यामुळे निकालात निघतो.

हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, दोन भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाल्याचे दिसले. हा लाभ निरक्षरांतही आढळला, त्यामुळे तो केवळ शिक्षणाचा परिणाम म्हणता येत नाही. भाषेने रोग टळतो असे हा अभ्यास सिद्ध करीत नाही. पण आयुष्यभर दोन भाषांत वावरणारा मेंदू आघात अधिक काळ सोसतो, असा विचार त्यातून पुढे आला. घरात मराठी आणि बाजारात हिंदी, कानडी वा कोंकणी बोलणाऱ्या आपल्या समाजाने याची नोंद घ्यावी.

कर्नाटकात कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपुरा येथे बंगळुरूचे सेंटर फॉर ब्रेन रिसर्च पंचेचाळिशी ओलांडलेल्या ग्रामस्थांची वर्षानुवर्षे तपासणी करीत आहे. बंगळुरूच्याच निम्हान्समध्ये मेंदूंची पेढी आहे. कुटुंबीयांनी मृत्यूनंतर दिलेल्या दानावरच असे संशोधन उभे राहते. नेत्रदानाइतकेच हेही पुण्यकर्म आहे.

घरातील कर्तव्य

लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने १४ टाळता येण्याजोगी कारणे सांगितली. शिक्षणाचा अभाव, श्रवणदोष, दृष्टिदोष, रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, व्यायामाचा अभाव, एकटेपणा, दूषित हवा ही त्यांतील काही. ती सर्व दूर झाली, तर सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळू शकतील वा लांबणीवर पडतील. आजोबांना श्रवणयंत्र घेऊन देणे आणि आजींना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला नेणे ही मेंदूचीच सेवा आहे.

'साठी बुद्धी नाठी' म्हणून विसराळूपणा हसण्यावारी नेण्याची सवय मात्र सोडली पाहिजे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, पडल्यावर कवटीत साचलेले रक्त यांमुळेही स्मृती मंदावते, आणि वेळीच उपचार केल्यास ती बऱ्याच अंशी सुधारू शकते. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि रोजच्या वाटेवर घर न सापडणे वेगळे. दुसरे घडले, तर विनाविलंब मेंदुविकारतज्ज्ञाकडे जावे.

या आजारात 'सुनेने जेवायला दिले नाही', 'माझे दागिने चोरले' असे आरोप होतात. ते त्या व्यक्तीचे नसतात, आजाराचे असतात. शेजाऱ्यांनी आणि नातलगांनी त्यावरून सुनेचा न्यायनिवाडा करू नये. आठवड्यातून एक दुपार तिच्या सासूबाईंजवळ बसावे. मुलांनी आणि मुलींनी रात्रीची पाळी वाटून घ्यावी. शुश्रूषेचा सारा भार एकाच स्त्रीवर टाकून मातृपितृभक्तीच्या गोष्टी करणे शोभत नाही. प्रयोगशाळेतील शोध पूर्ण होण्यास अवधी लागेल. तोवर रुग्ण जे विसरला, ते त्याच्यासाठी इतरांनी लक्षात ठेवावे, हेच या आजारातील मोठे औषध होय.