बोहल्यावरचा चेहरा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाला बहुधा भारदस्त विषय असतो. यंदा मात्र चिटणीसबाईंनी मला गळ घातली, "तुम्ही इतकी वर्षे नवऱ्या मुली सजवता, तर त्यावरच बोला." पावडर-काजळावर भाषण म्हणजे जरा हलकेच, असे कुणाच्या मनात आले तर मी रागावणार नाही. पण तुळशीचे लग्न लागले की आपल्या आळीत मांडव पडू लागतात, आणि मग याच हलक्या विषयासाठी भल्याभल्या माझे दार ठोठावतात. तेव्हा आज सगळ्यांना एकदमच सांगून टाकते.

गेली सत्तावीस वर्षे मी हे काम करते. नवरी समोर येऊन बसली की तिची आई, मावशी, आत्या यांपैकी कुणीतरी माझ्या कानाशी येते आणि हळूच म्हणते, "हिला थोडी उजळ करा हो." हळू म्हटले तरी मुलीला ते ऐकू जातेच. आरशात मला तिचे डोळे दिसतात. जिने सकाळपासून हसतमुखाने घाणा भरला, हळद लावून घेतली, तिचे तोंड त्या एका वाक्याने उतरते. उतरलेल्या तोंडाला कुठलाही रंग शोभत नाही, हे माझ्या धंद्यातले पहिले सत्य. आजच्या माझ्या सगळ्या सूचना या एका गोष्टीभोवती आहेत : मुलगी तिच्या स्वतःच्या रंगात सजवावी.

नवरीचे प्रसाधन लग्नाच्या सकाळी सुरू होत नाही. ते लग्न ठरल्या दिवसापासून सुरू होते आणि खरा घात तिथेच होतो. साखरपुडा झाला की कुणीतरी 'गोरे करणारे' मलम आणून देते. कधी ते औषधाच्या दुकानातले असते, कधी परदेशाहून आलेल्या पाहुण्याने दिलेले, कधी नाव-गाव नसलेल्या डबीतले. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने असे मलम अडीच महिने चोळले होते. पहिले तीन आठवडे चेहरा काचेसारखा लकाकला. घरचे खूश. मग बारीक पुळ्या उठल्या, गाल लाल झाले आणि उन्हात उभे राहिले की आग होऊ लागली. मी तिच्या चेहऱ्याला हात न लावता तिला आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे धाडले. लग्नात तिला फक्त काजळ, कुंकू आणि ओठांना रंग एवढेच केले. चेहरा पूर्ववत व्हायला पुढे वर्ष गेले.

हे कशाने होते ते समजून घ्या. या मलमांपैकी पुष्कळांत स्टेरॉइड असते. ते खरे औषध आहे. पण ते डॉक्टरांनी ठरावीक रोगावर ठरावीक दिवस द्यायचे. रोज चेहऱ्यावर चोळले तर कातडी पातळ होते, मुरुमे येतात, नको तिथे लव वाढते. म्हणूनच २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. कुणी आधीच लावत असेल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना विचारून बंद करावे, कारण एकदम सोडल्यावर चेहरा जास्त भडकतो.

दुसरा शत्रू पारा. पारा कातडीचा रंग तयार होण्याचे काम अडवतो, म्हणून रंग उजळल्यासारखा वाटतो. पण तो कातडीतून अंगात मुरतो आणि मूत्रपिंडापर्यंत पोचतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत त्या विकाराचा एक विशिष्ट प्रकार आढळला, आणि या १५ पैकी १३ जणांनी गोरे होण्याचे मलम लावल्याचे सांगितले. मलम बंद केल्यावर बहुतेकांना उतार पडला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. सौंदर्यप्रसाधनात पारा घालण्यास आपल्या देशात बंदी आहे. तेव्हा ज्या डबीवर बनवणाऱ्याचे नाव, पत्ता, परवान्याचा क्रमांक आणि घटकांची यादी नाही, ती घरात ठेवूच नका. असे मलम लावणाऱ्या मुलीच्या पायांवर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर डबी बरोबर घेऊन तडक डॉक्टर गाठा.

मग लग्नापूर्वी करावे तरी काय? पुरेशी झोप, पोटभर जेवण, उन्हात जाताना ऊन अडवणारे साधे मलम, आणि रात्री तोंड धुऊन थोडा स्निग्धपणा. भुवया कोरणे, लव काढणे हे चार-पाच दिवस आधी उरकावे, म्हणजे लाली ओसरायला वेळ मिळतो. लग्नाच्या दिवशी जे जे लावायचे आहे ते आठवडाभर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहावे. खाज सुटली, पुरळ उठले, तर ती वस्तू बाद. नवी वस्तू लग्नाच्या सकाळी पहिल्यांदा चेहऱ्याला लागता कामा नये.

मेंदी दोन दिवस आधी काढावी. खरी मेंदी प्रथम नारिंगी दिसते आणि एक-दोन दिवसांत गडद होत जाते. काढल्याबरोबर काळीभोर दिसणारी 'काळी मेंदी' मात्र लावू नका. तिच्यात केसांच्या कलपात असते ते पीपीडी नावाचे रसायन मिसळलेले असते. त्याने हातावर फोड आल्याची उदाहरणे डॉक्टरांकडे भरपूर आहेत.

हळदीचे म्हणाल तर आपल्या आजीच्या पद्धतीत मोठे शहाणपण होते. हळद लागली की पुष्कळजणी अंगाला साबण घासतात आणि मग 'पिवळेपणा जाऊन लालसर डाग आले' म्हणून घाबरतात. हळदीचा रंग क्षारात लाल होतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर, आणि साबणातही क्षार असतो. हळदीचा रंग तेलात विरघळतो, म्हणून आधी खोबरेल तेल किंवा साय चोळावी, मग डाळीच्या पिठाने हलक्या हाताने काढावी आणि साबण शेवटी. राहिलेली थोडी पिवळी झाक राहू द्यावी. ती हळदीच्या अंगाची शोभा आहे.

आता लग्नाची सकाळ. सर्वांत आधी मुलीला खायला घाला. आपल्यात गौरीहराशी बसेपर्यंत मुलीने काही खाऊ नये अशी चाल पुष्कळ घरी आहे. ज्यांना पाळायची असेल त्यांनी पाळावी. पण दूध, फळे, शहाळ्याचे पाणी याला कुणाची हरकत नसते. मुहूर्त साडेबाराचा असला तर पहाटे चारला उठलेली मुलगी उपाशीपोटी बोहल्यावर उभी राहते. मंगलाष्टके म्हणणाऱ्यांना हौस असली की आठाची अकरा होतात! आधी पोटोबा, मग विठोबा.

पोलके आणि परकर घालूनच तिला आरशापुढे बसवा, म्हणजे नंतर डोक्यावरून काही चढवावे लागत नाही. तोंड धुऊन स्निग्ध मलम लावले की दहा मिनिटे थांबावे, मग रंगाचा लेप. लेपाची छटा निवडायची ती मनगटावर लावून नव्हे. जबड्याच्या कडेला लावावी आणि खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात पाहावी. जी छटा लावल्यावर दिसेनाशी होते तीच तिची. दोन छटा उजळ लेप लावला तर काय होते? चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या, आणि हिरवा चुडा भरलेले हात तिसऱ्या. घामाच्या दोन धारा आल्या की खालचा रंग डोकावतो. छायाचित्रात तर आणखी पंचाईत. काही पावडरींत आणि ऊन अडवणाऱ्या मलमांत असे पांढरे कण असतात की कॅमेऱ्याचा लखलखाट पडला की चेहरा पिठात बुडवल्यासारखा येतो. म्हणून तयारी झाल्यावर एक छायाचित्र घरीच काढून पाहावे. सावळ्या वर्णावर गेरूसारखी, विटकरी, डाळिंबी, जांभळट अशी गडद छटा ओठांना फार खुलते. फिक्या गुलाबी रंगाने तोच चेहरा आजारी दिसतो.

डोळ्यांचे काजळ पाण्याने न पसरणारे घ्या. लाजाहोमाच्या वेळी लाह्या आणि तूप पडले की धूर थेट वधूच्या डोळ्यांत जातो, आणि पाठवणीचे पाणी तर आईच्याही हाती नसते. धुराने पाणी आले तर पुसू नये. रुमालाचे टोक डोळ्याच्या कोपऱ्याला नुसते टेकवावे. एक मऊ रुमाल करवलीच्या कमरेला असू द्या.

कपाळाला कुंकू की टिकली, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण टिकलीच्या डिंकातल्या एका रसायनामुळे काही जणींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. खाज सुटली की टिकली बदलून पाहत बसू नये, टिकली लावणेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे. मुंडावळ्या बांधताना गाठ अंबाड्याखाली घ्यावी, म्हणजे अक्षता पडल्या, मान लवली, तरी त्या सरकत नाहीत. नथ सर्वांत शेवटी, ओठ रंगवून झाल्यावर. नाक टोचलेले नसेल तर चापाची नथ मिळते. जड मोत्यांची नथ असली तर तिचा बारीक दोरा केसांत अडकवा, नाकावर ओझे येत नाही. गजरा ऋतूचा माळा. उन्हाळ्यात मोगरा, थंडीत शेवंती. अवेळी मागवलेल्या महाग फुलांपेक्षा ताजे फूल संध्याकाळपर्यंत टिकते.

इतके सगळे केले, तरी एक प्रसाधन माझ्या पेटीत नसते. ते तुमच्याजवळ आहे. मुलगी तयार झाली की तिच्यासमोर येणारी पहिली बाई काय बोलते, त्यावर तिचा दिवस ठरतो. "अगं, किती गोरी दिसतेस!" हे कौतुक नव्हे, त्याचा अर्थ 'एरवी तू चांगली दिसत नाहीस' असा तिला लागतो. "छान दिसतेस, अगदी तुझ्यासारखी" एवढे म्हणा. द्रौपदीला कृष्णा म्हणत ते तिच्या सावळ्या वर्णावरून. ज्याच्या दर्शनाला आपण पंढरपूरपर्यंत पायी जातो, तोही सावळाच. देवाला जो रंग चालतो तो सुनेला का चालू नये, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

म्हणून शेवटी मंडळापुढे एक मागणे ठेवते. आपल्या वधूवर सूचक केंद्राच्या नोंदवहीत नाव, शिक्षण, उंची यांच्या खाली 'वर्ण' असा एक रकाना आहे. वर्षानुवर्षे आया त्यात 'गोरी', 'निमगोरी', 'गव्हाळ' असे लिहीत आल्या आहेत. 'सावळी' लिहिताना पेन अडखळते, हे मी पाहिले आहे. त्या अडखळण्यातूनच पुढे ती डबी घरात येते. २०२० साली एका मोठ्या विवाहजुळणी संकेतस्थळाने रंगावरून स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. त्याच वर्षी १९७५ पासून चालत आलेल्या एका प्रसिद्ध क्रीमला आपल्या नावातला 'फेअर' हा शब्द टाकावा लागला. व्यापाऱ्यांना जमले ते आपल्याला का जमू नये? नोंदवही नवीन छापायची आहेच, असे कोषाध्यक्षबाई म्हणत होत्या. तो रकाना या छपाईत गाळावा. खर्च काही नाही. झालीच तर थोडी शाई वाचेल.

यावर कार्यकारिणीत वाद होईल, हे मी जाणून आहे. जरूर व्हावा. मी वाद घालायला येईन, आणि कुणाच्या घरी कार्य निघाले तर पेटी घेऊनही येईन.