चाफळचे दोन मारुती

ज्या पाटण तालुक्यांत कोयनानगर वसलें आहे, त्याच तालुक्यांत मांड नदीच्या कांठीं चाफळ हें गांव आहे. समर्थ रामदासांनीं तेथें रामाचें देऊळ उभारलें आणि शके १५७० मध्यें, म्हणजे इसवी सन १६४८ मध्यें, दोन मारुतींची स्थापना केली. एक रामासमोर, दुसरा देवळामागें.

समोरचा तो दास मारुती. त्याचे दोन्ही हात जोडलेले असून दृष्टि रामचरणांवर खिळलेली आहे. मागचा तो प्रताप मारुती. त्याचा एक हात उगारलेला, दुसरा कमरेवर, शेंपूट मस्तकावर वळलेलें आणि पायाखालीं राक्षस. देव एक, स्थापना करणारा एक, आवारहि एकच. मग रूपें दोन कां?

याचें उत्तर त्यांच्या जागांतच आहे. धन्यापुढें जे हात जुळतात, त्यांतलाच एक दुर्जनापुढें उगारला जातो. शक्ति रावणाजवळहि थोडी नव्हती. परंतु तिला दास्य ठाऊक नव्हतें, म्हणून ती उन्मत्त झाली. उलट, नुसतेच हात जोडून बसणाऱ्याकडून देवाचेंहि रक्षण होत नाहीं आणि गांवाचेंहि होत नाहीं. दोन्ही मूर्तींचें दर्शन घेतल्यावांचून ही शिकवण पुरी होत नाहीं.

आतां या मूर्तींच्या वयाविषयीं. जुनी मूर्ति दिसली कीं तिला पांडवकालीन म्हणून टाकण्याची आपल्याकडे हौस फार. शेंदुराचीं पुटें चढत गेल्यानें छिन्नीच्या खुणा झांकून जातात, नाकाडोळ्यांच्या कडा बोथट होतात, आणि मूर्ति आहे त्याहून पुरातन भासूं लागते. समर्थांच्या अकरा मारुतींचा काळ मात्र परंपरेनें नीट जपला आहे. त्या अकरांचीं स्थळें वेणाबाईंच्या अभंगांत एकत्र गुंफलेलीं आहेत. सात मारुती सातारा जिल्ह्यांत, बहें व शिराळें येथील दोन सांगली जिल्ह्यांत, आणि मनपाडळें व पारगांव येथील दोन कोल्हापूर जिल्ह्यांत आहेत. पहिला शहापूरचा, शके १५६६ मधला. तो चुन्याचा आहे. शेवटचा शिराळ्याचा, शके १५७६ मधला. म्हणजे अवघें कार्य दहा वर्षांचें.

तरी स्थापनेचें वर्ष आणि पाषाणाचें वय हीं एक मानूं नयेत. माजगांवीं वेशीवरच्या एका दगडालाच लोक मारुती मानून पूजीत होते. समर्थांनीं त्यावरच मूर्ति कोरवून घेतली, असें सांगतात. चाफळचा रामहि अंगापूरच्या डोहांतून वर काढलेला, अशी कथा आहे. समर्थांनीं जुनी श्रद्धा मोडली नाहीं. तिला रूप दिलें.

११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनेच्या भूकंपानें हा सारा मुलूख हादरला. चाफळच्या राममंदिराला इजा पोंचली व पुढें त्याचा जीर्णोद्धार करावा लागला. मागचें प्रताप मारुतीचें लहानसें देऊळ मात्र उभें राहिलें. भाविक त्यांत चमत्कार पाहतात, जाणते बांधणीचा गुण पाहतात. कांहींहि असो, मूर्तीची थोरवी हजारों वर्षांच्या खोट्या वयानें वाढत नाहीं. चाफळास जाणाऱ्यानें पुढच्या मारुतीला नमस्कार करून तसेंच परत फिरूं नये. चार पावलें चालून मागच्याचेंहि दर्शन घ्यावें.